सामूहिक वनहक्क म्हणजे नेमकं काय?

सुरगाणा तालुक्यात वनहक्क म्हटलं की आधी आठवतो तो कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांची एक मुख्य मागणी तीच होती. त्यांत सुरगाण्याचे आदिवासीही होते.

पण पट्टा एका कुटुंबाचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात अख्ख्या गावाचाही हक्क आहे, त्याची चर्चा मात्र कमी होते. गावाने परंपरेने राखलेलं जंगल सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. मोहफुलं, बांबू गोळा करून गावकरी विकू शकतात. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी कुठे करायची हे ग्रामसभा ठरवते. जमीन विकता येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला. दाव्याची सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने होते. पुढे उपविभागीय आणि मग जिल्हा समिती.