चाळीस डॉलरांची परतफेड

१८६२ साली बॉस्टनचे नामांकित प्रकाशक जेम्स फील्ड्स यांनी एकोणतीस वर्षांच्या एका बाईला शाळा थाटण्यासाठी चाळीस डॉलर दिले, आणि लेखन तुम्हांला साधणार नाही, शिकवणेच बरे, असा सल्लाही दिला. त्या बाई म्हणजे लुइझा मे ऑल्कॉट. आपल्याकडे शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे घरोघर पोचलेल्या ‘लिटल् विमेन’च्या लेखिका.

वडील ब्रॉन्सन ऑल्कॉट हेही शिक्षकच. मुलांना घोकंपट्टीऐवजी विचार करायला लावावे, हा त्यांचा ध्यास. एका कृष्णवर्णीय मुलीला त्यांनी शाळेत घेतले. पालकांनी आपली मुले काढून नेली, आणि १८३९ साली शाळा बंद पडली. तत्त्व राहिले, पण चूल त्यावर पेटत नाही. लुइझाने शिवणकाम केले, घरकाम केले, शिकवण्या केल्या. टोपणनावाने सनसनाटी कथाही लिहिल्या. यादवी युद्धात तिने जखमी सैनिकांची शुश्रूषा पत्करली. तिथे विषमज्वराने गाठले. उपचारात पारायुक्त औषध दिले गेले. प्रकृती पुन्हा पूर्ववत् झालीच नाही.

१८६८ साली टॉमस नाइल्स या प्रकाशकाने मुलींसाठी पुस्तक मागितले. तिला ते काम मनापासून आवडले नव्हते. तरीही काँकर्डच्या घरी, वडिलांनी करून दिलेल्या मेजाशी बसून, काही आठवड्यांत तिने आपल्या व बहिणींच्या आयुष्यातून ते उभे केले. बेथच्या मृत्यूमागे १८५८ साली गेलेली धाकटी बहीण लिझी आहे. वाचक मुलींनी जोचे लॉरीशी लग्न लावण्याचा हट्ट धरला. लेखिकेने तिची गाठ प्रौढ, निर्धन प्राध्यापकाशी घालून दिली. स्वतः मात्र ती अविवाहितच राहिली.

१८६९ च्या प्रारंभी, सारे कर्ज फिटल्याची नोंद तिने रोजनिशीत केली. फील्ड्सचे चाळीस डॉलरही पुढे परत केले.

मला मात्र वाटते, खरी किंमत तिने निराळीच मोजली. मुलींसाठी गोड बोधपर पुस्तके लिहिण्याचा तिला कंटाळा येई. पण घर त्यावर चाले, म्हणून ती लिहीत राहिली. ६ मार्च १८८८ रोजी, वडिलांच्या मागोमाग दोनच दिवसांनी, ती गेली. वय अवघे पंचावन्न. ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांचे सारे ऋण फेडून झाले होते. स्वतःच्या आवडीचे लिहायचे तेवढे राहून गेले.