टप्पा पडला होता का?

जळगावात आमच्या गल्लीत क्रिकेटचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. बॉल थेट कुणाच्या कंपाउंडात गेला की आउट, गटारात गेला तर ज्याने मारला त्याने काढायचा, आणि ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. भांडणं व्हायची ती एकाच गोष्टीवरून. टप्पा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्याहून मामेभाऊ यायचा. एकदा त्याचा एक शॉट मी लिंबाच्या झाडाखाली वाकून पकडला आणि "आउट!" म्हणून बोंब ठोकली. तिकडून तो ओरडला, "टप्पा पडना!" मग नेहमीप्रमाणे दहा मिनिटं कालवा, आणि शेवटी आमचं सुप्रीम कोर्ट: "आईची शपथ घे." मी घेतली. (आई अजून ठणठणीत आहे. भावाने मात्र ती केस आजतागायत बंद केलेली नाही.)

परवा लग्नात भेटला तेव्हा परत विषय निघाला. घरी येऊन मी वादग्रस्त कॅचेसचा इतिहास चाळत बसलो, आणि वीकएंड गेला. वाचता वाचता एक लक्षात आलं. वाद "दिसलं काय" यावर कमीच असतो. खरा वाद असतो तो, नीट दिसलं नाही तर निकाल कोणाच्या बाजूने लावायचा यावर. आमच्या धंद्यात याला डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. आणि सगळे बग तिथेच असतात :-)

आधी मुंबई. फेब्रुवारी १९८०, वानखेडेवर भारत-इंग्लंड ज्युबिली टेस्ट. (हीच ती टेस्ट, जिच्यात खग्रास सूर्यग्रहणामुळे १६ तारखेला चक्क सुट्टी दिली होती.) भारताच्या २४२ समोर इंग्लंड ५ बाद ५८. बॉब टेलरला अंपायर हनुमंत राव यांनी विकेटकीपरकडे कॅच म्हणून आउट दिलं. इथे प्रश्न टप्प्याचा नव्हता, बॅटला लागला की नाही याचा होता. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कॅप्टन विश्वनाथला वाटलं, लागला नाही. त्याने टेलरला परत बोलावलं. मग बोथम आणि टेलरने १७१ रन्सची भागी केली, बोथमने शतक ठोकलं, वर मॅचमध्ये १३ विकेट्स घेतल्या आणि आपण १० विकेट्सनी हरलो. विश्वनाथचं कौतुक आजही होतं, आणि व्हायलाच हवं. पण हिशोब बघा: शंका आली, तिचा फायदा त्याने समोरच्याला दिला, आणि किंमत स्वतः मोजली.

दुसरं टोक म्हणजे सिडनी, जानेवारी २००८. सिरीजच्या आधी कुंबळे आणि पॉन्टिंगचं ठरलं होतं की कॅचच्या बाबतीत फील्डरचा शब्द मानायचा. म्हणजे आमच्या गल्लीतली आईची शपथच, फक्त इंटरनॅशनल. शेवटच्या दिवशी ब्रेट लीच्या बॉलवर गांगुलीचा कॅच स्लिपमध्ये मायकेल क्लार्कने जमिनीलगत घेतला. अंपायर मार्क बेन्सनला खात्री नव्हती. त्याने पॉन्टिंगकडे पाहिलं, पॉन्टिंगने बोट वर केलं, गांगुली ५१ वर आउट. गंमत (?) म्हणजे याच मॅचमध्ये क्लार्क स्वतः बॅटिंग करताना स्लिपमध्ये सरळ कॅच गेल्यावरही अंपायरकडे बघत उभा राहिला होता. त्याच्या शब्दाची किंमत काय धरायची? दिवस संपायला काही मिनिटं उरली असताना आपण ती टेस्ट हरलो. शब्द मानण्याची पद्धत तेव्हाच मेली, असं माझं मत.

मग कॅमेरा आहे ना? इथे आपली सगळ्यांची फसगत होते. लांबच्या कॅमेऱ्याची मोठी लेन्स खोली चपटी करून टाकते. बॉलखाली बोटं असली तरी पुढचं गवत आणि बॉल एकाच पातळीवर चिकटल्यासारखे दिसतात. त्यात सेकंदाला ५० फ्रेम धरल्या, तर ताशी १०० किमी वेगाचा बॉल दोन फ्रेमच्या मध्ये साधारण ५५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. स्लो मोशनचे खास कॅमेरे कितीतरी जास्त फ्रेम घेतात, पण ते योग्य कोनात पाहिजेत. म्हणून आयसीसीने एक जुगाड ठेवला होता: सॉफ्ट सिग्नल. मैदानातला अंपायर थर्ड अंपायरकडे जाताना आपला अंदाज सांगायचा, आणि ठोस पुरावा नसेल तर तोच अंदाज निकाल व्हायचा.

आता आपल्या मुंबईचा सूर्यकुमार यादव. १८ मार्च २०२१, अहमदाबाद, इंग्लंडविरुद्ध टी-२०. इंटरनॅशनलमधली त्याची पहिली बॅटिंग, पहिल्याच बॉलवर आर्चरला सिक्स, ३१ बॉल्समध्ये ५७. मग सॅम करनच्या बॉलवर डेव्हिड मलानने पुढे येत जमिनीलगत कॅच घेतला. रिप्लेत बॉल गवताला टेकल्यासारखा दिसत होता. पण सॉफ्ट सिग्नल होता आउट, पुरेसा पुरावा नाही, म्हणून आउट. साठ-सत्तर मीटर लांब उभ्या माणसाचा अंदाज हीच डीफॉल्ट व्हॅल्यू! मॅच आपण जिंकलो, तरी कोहली नंतर यावर चांगलाच बोलला. "मला माहीत नाही" असं म्हणायची मुभा अंपायरला का नाही, हा त्याचा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो.

जून २०२३ मध्ये सॉफ्ट सिग्नल काढून टाकला. आणि त्याच महिन्यात ओव्हलवर टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनलला कॅमेरन ग्रीनने शुभमन गिलचा कॅच घेतला. थर्ड अंपायर केटलबरोने आउट दिलं, आणि सगळा देश परत फोटो झूम करत बसला.

आपलेच लोक भांडकुदळ असं समजू नका. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॅच म्हणजे काय यावरच वर्षानुवर्षं मारामारी झाली. २०१० मध्ये कॅल्विन जॉन्सन आणि जानेवारी २०१५ मध्ये डेझ ब्रायंट, दोघांनीही बॉल पकडला, पण खाली पडताना तो जमिनीवर हलला म्हणून कॅच नाही. शेवटी २०१८ मध्ये एनएफएलने नियम बदलला. क्रिकेटमध्ये हा प्रश्न वेगळ्या शब्दांत आहे: बॉलवर आणि स्वतःच्या हालचालीवर, दोन्हींवर पूर्ण ताबा आला की कॅच पूर्ण. जुलै २०२३ च्या पहिल्याच दिवशी लॉर्ड्सवर स्टार्कने डकेटचा कॅच घेतला, पण घसरताना बॉल जमिनीला घासला. नॉट आउट.

आणि मग २९ जून २०२४, बार्बाडोस. शेवटच्या ओव्हरला १६ हव्या, हार्दिकचा फुलटॉस, मिलरने उचलला, आणि लाँगऑफला परत तोच सूर्यकुमार. बॉल पकडला, आत उडवला, बाहेर पाय, परत आत, कॅच. थर्ड अंपायर परत केटलबरो. आउट. ७ रन्सनी वर्ल्ड कप. लगेच फोटो फिरले: बाउंड्रीची उशी आणि गवतावरची पांढरी रेघ यांत अंतर आहे! उशी सरकली होती हे दिसतं. पण शॉन पोलॉकसारख्या आफ्रिकन माणसानेही कॅच ठीक होता आणि उशीशी सूर्याचा संबंध नाही असं सांगितलं. मलाही बूट उशीला लागलेला दिसत नाही. फक्त तो निकाल जरा सावकाश, आणखी दोन कोनांतून दाखवला असता, तर बरं झालं असतं.

५ जुलैला विधान भवनात सत्कार झाला. सूर्या मराठीत म्हणाला, कॅच हातात बसला. त्यावर रोहित म्हणाला, बरं झालं बसला, नाहीतर यालाच बसवला असता. सभागृह हसून लोळत होतं.

धुळ्याच्या भावाचा मेसेज मात्र फायनलच्या रात्रीच आला होता. "दहा वेळा बघितलं. बूट लागला नाही. सूर्याचा कॅच मान्य. तुझं काय ते लिंबाखालचं?"

उत्तर अजून दिलेलं नाही. पडला होता टप्पा.