स्टार ट्रेक : द ॲनिमेटेड सीरीज

अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी दाखवली गेलेली विज्ञानकथात्मक कार्टून मालिका. ‘स्टार ट्रेक’ या मूळ मालिकेतून निघालेली ही पहिली मालिका. प्रक्षेपण ८ सप्टेंबर १९७३ ते १२ ऑक्टोबर १९७४. दोन हंगाम, एकूण २२ भाग. निर्मिती लॉस एंजेलिसच्या फिल्मेशन या स्टुडिओची.

मूळ मालिका एनबीसीवरच ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. स्थानिक केंद्रांवरच्या पुनःप्रक्षेपणात मात्र तिला पहिल्यापेक्षा मोठा प्रेक्षक मिळाला. चाहत्यांची संमेलने भरू लागली, नव्या भागांची मागणी होऊ लागली. अभिनेते आणि सेट घेऊन मालिका पुन्हा उभी करणे खर्चिक होते. कार्टून त्या मानाने स्वस्त पडत होते. फिल्मेशनचे लू शायमर व नॉर्म प्रेस्कॉट यांनी पुढाकार घेतला. मूळ मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी यांनी होकार दिला, पण मजकुरावर शेवटचा शब्द आपला राहील, या अटीवर. ही अट मान्य झाली नसती, तर बहुधा मुलांसाठी पातळ केलेली एक साहसकथा तेवढी हाती आली असती.

त्या काळी अमेरिकेत शनिवारची सकाळ मुलांची असे. तिन्ही मोठ्या वाहिन्या एकामागून एक कार्टून दाखवत आणि मधल्या जाहिराती न्याहारीच्या गोड धान्यांच्या व खेळण्यांच्या असत. पालकांच्या संघटनांच्या दबावामुळे मारामारीवर बंधने आली होती. अशा वेळेत ‘स्टार ट्रेक’ बसवायचे, तर कथेतला संघर्ष हाणामारीवाचून उभा करावा लागे. ही अडचण लेखकांच्या पथ्यावर पडली.

लेखनाची सूत्रे डी. सी. फोंटाना यांच्याकडे होती. मूळ मालिकेच्या कथा-संपादक असलेल्या फोंटाना इथे सहनिर्मात्याही झाल्या. त्यांनी मुलांच्या कार्टूनचे सराईत लेखक न बोलावता विज्ञानकथेच्या आणि मूळ मालिकेच्या लेखकांना गाठले. १९७३ मध्ये पटकथाकारांचा संप चालू होता आणि कार्टूनचे लेखन त्या संपाच्या कक्षेत येत नव्हते, याचाही फायदा झाला. पहिला प्रक्षेपित भाग सॅम्युएल पीपल्स यांचा. डेव्हिड जेरॉल्ड यांनी मूळ मालिकेतल्या आपल्या गाजलेल्या ट्रिबल-कथेचा (ट्रिबल म्हणजे भराभर वाढणारे केसाळ जीव) पुढचा भाग लिहिला. लॅरी निव्हन यांनी स्वतःच्याच कथेवरून ‘द स्लेव्हर वेपन’ लिहिला; त्यात ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानाचा कप्तान, मालिकेचा नायक कर्क अजिबात दिसत नाही.

फोंटानांनी स्वतः एकच भाग लिहिला, ‘यस्टरइयर’. मालिकेचे शिखर तेच. यानावरचा व्हल्कनवंशीय अधिकारी स्पॉक भूतकाळात जातो, आपल्याच बालपणाला भेटतो. व्हल्कन ग्रहाच्या वाळवंटात एका हिंस्र श्वापदापासून छोट्या स्पॉकला वाचवताना त्याचा पाळीव सेहलाट (अस्वलासारखा, सुळे असलेला म्हातारा प्राणी) जबर जखमी होतो. वैद्य येतो, पण उशीर झालेला असतो. प्राण्याला वेदनेत जगवायचे की शांतपणे जाऊ द्यायचे, हे त्या लहान मुलाला ठरवावे लागते. तो जाऊ देतो. शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये घरच्या प्राण्याचा मृत्यू दाखवावा का, याची वाहिनीला धास्ती होती. रॉडेनबेरी फोंटानांच्या पाठीशी उभे राहिले. घरात एखादा प्राणी गमावलेल्या मुलाला हा भाग खोटे सांत्वन देत नाही, आणि त्याचे मोठेपण त्यातच आहे.

आवाज बहुतेक मूळ नटांचे होते, पण ते सहजासहजी जमले नाही. पैसे वाचवण्यासाठी निशेल निकोल्स (उहुरा) आणि जॉर्ज टाकेई (सुलू) यांना वगळून त्यांचे आवाज जेम्स डूहान व मेजल बॅरेट यांच्याकडून काढून घ्यायचे ठरले होते. लेनर्ड निमॉय (स्पॉक) यांनी हे दोघे नसतील तर आपणही नाही, असे सांगितले, तेव्हा दोघांना घेतले गेले. वॉल्टर कोनिग (चेकॉव्ह) मात्र बाहेरच राहिले. त्यांनी ‘द इन्फिनिट व्हल्कन’ हा भाग लिहिला. डूहान यांनी स्कॉटीखेरीज इतर असंख्य पात्रांना आवाज दिला, त्यांत तीन हात आणि तीन पाय असलेला एरेक्सही होता. मांजरीसारखी एम्रेस बॅरेट यांच्या वाट्याला आली. अशी पात्रे मेकअप करून उभी करणे तेव्हा अशक्यच होते. कागदावर त्यांना जादा खर्च नव्हता.

चित्रांची बाजू लंगडी होती, हे मान्य करायला हवे. फिल्मेशन आपले काम परदेशी न पाठवता अमेरिकेतच करत असे आणि खर्च भागवण्यासाठी तीच ती चित्रे पुन्हा वापरत असे. नियंत्रणकक्षातले तेच चेहरे, तीच चाल, हलतात ती फक्त ओठ आणि पापण्या. अंतराळपोशाख काढत बसण्याऐवजी कमरेला एक पट्टा बांधून पात्राभोवती पिवळसर प्रभा दाखवली जाई. भाग मूळ मालिकेच्या निम्म्या लांबीचा असल्याने काही कथा शेवटाकडे धावत सुटतात.

दुसऱ्या हंगामाचे सहाच भाग झाले. त्यांतला ‘हाउ शार्पर दॅन अ सर्पंट्स टूथ’ माया संस्कृतीतील कुकुल्कान या देवावर बेतलेला होता. त्याच्या दोन लेखकांपैकी रसेल बेट्स हे कायोवा या मूळनिवासी समाजाचे. कथेत एक मूळनिवासी अधिकारीही आहे. १९७५ मध्ये मालिकेला मुलांच्या मनोरंजन मालिकेसाठीचा डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. मूळ मालिकेला एकही एमी लाभला नव्हता.

पुढच्या ‘स्टार ट्रेक’ने या २२ भागांतून बरेच उचलले. कर्कचे मधले नाव टायबेरियस हे प्रथम ‘बेम’ या भागात ऐकू येते. ‘द प्रॅक्टिकल जोकर’मध्ये हवे ते दृश्य उभे करणारी करमणुकीची खोली आहे, १९८७ च्या ‘नेक्स्ट जनरेशन’मधला होलोडेक तिचाच मोठा भाऊ. अखेरच्या भागात एंटरप्राइझचा पहिला कप्तान रॉबर्ट एप्रिल भेटतो. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ने त्याला हाडामांसाचा केला. तरीही १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही मालिका अधिकृत कथाविश्वाबाहेर ठेवली गेली होती. हा निर्णय चुकीचा होता, आणि पुढच्या मालिकांनी तो हळूहळू निकालात काढला. ॲलन डीन फॉस्टर यांनी या कथांवरून दहा पुस्तके लिहिली (१९७४–७८).

मालिका २००६ पासून डीव्हीडीवर उपलब्ध आहे. सगळे भाग पाहायला वेळ नसेल, तर निदान ‘यस्टरइयर’ पाहावा, आणि शक्य झाल्यास घरातल्या मुलांबरोबर पाहावा.