उद्यानातून अरण्यात : अमेरिकेतील चेस्टनट-करप्याचा इतिहास

वृक्षरोगांच्या इतिहासात नगरातील वृक्ष आणि अरण्यातील वृक्ष यांचा विचार बहुधा निरनिराळ्या प्रकरणांत केला जातो. पहिला विषय उद्यानरक्षकाचा, दुसरा वनखात्याचा. ही विभागणी कारभाराच्या सोयीची असली, तरी तिला रोगाच्या स्वरूपात आधार नाही. अमेरिकन चेस्टनट वृक्षाच्या विनाशाचा वृत्तांत या दृष्टीने उद्बोधक आहे. हा रोग प्रथम नोंदला गेला तो एका महानगरातील उद्यानात. पुढील अर्धशतकात त्याने अ‍ॅपलाचियन पर्वतराजीवरील अरण्याचे स्वरूपच पालटून टाकले.

कास्टानिया डेंटाटा हा वृक्ष उत्तरेस मेनपासून दक्षिणेस जॉर्जिया व अलाबामापर्यंत पसरलेला होता. त्याचे लाकूड सहसा कुजत नसल्यामुळे कुंपणाचे खांब व रेल्वेचे स्लीपर यांसाठी ते वापरीत. कातडी कमावण्यासाठी लागणारे टॅनिन त्यापासून मिळे. त्याची फळे डोंगराळ भागातील कुटुंबांच्या आहारात असत, बाजारात विकली जात आणि मोकळ्या चरणाऱ्या डुकरांनाही पोसत. एका वृक्षावर एवढे अर्थजीवन अवलंबून असल्यामुळेच त्याच्या रोगाचा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा राहिला नाही.

१९०४ साली न्यूयॉर्क प्राणिउद्यानातील प्रमुख वनपाल हर्मन मर्केल यांना तेथील चेस्टनट वृक्ष वाळत असल्याचे आढळले. त्यांनी रोगट फांद्या तोडल्या, बोर्डो मिश्रण फवारले. परंतु उपयोग झाला नाही. शेजारच्या न्यूयॉर्क वनस्पतिउद्यानातील कवकतज्ज्ञ विल्यम मरिल यांनी रोगकारक कवक वेगळे करून १९०६ साली त्यास डायपोर्थे पॅरासिटिका असे नाव दिले. आज ते क्रिफोनेक्ट्रिया पॅरासिटिका या नावाने ओळखले जाते. हे कवक सालीवरील जखमेतून आत शिरते. त्याचे पंख्याच्या आकाराचे कवकजाल साल व कँबियमचा थर मारीत खोडाभोवती पसरते आणि वेढा पूर्ण होताच वरचा भाग वाळतो. चिकट बीजुके पाऊस, कीटक व पक्षी यांच्याबरोबर जातात. दुसऱ्या प्रकारची बीजुके वाऱ्याने दूर पसरतात. मुळे मात्र जमिनीत बहुधा जिवंत राहतात व त्यांतून नवे फुटवे येतात. फुटवा थोडा जाड झाला की त्यालाही रोग गाठतो.

यापुढचा प्रश्न धोरणाचा होता. केंद्रीय कृषिखात्यातील हेवन मेटकाफ यांचे मत असे की, मुख्य रोगक्षेत्राच्या पुढे विखुरलेली लागण वेळीच शोधून तोडल्यास प्रसार थोपविता येईल. वॉशिंग्टनच्या परिसरातील आपल्या प्रयोगाचा ते दाखला देत. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ साली खास आयोग नेमून २,७५,००० डॉलरांची तरतूद केली. फेब्रुवारी १९१२ मध्ये हॅरिसबर्ग येथे भरलेल्या परिषदेत एफ. सी. स्ट्यूअर्ट यांनी या पद्धतीच्या परिणामकारकतेविषयी उघड शंका घेतली. त्या सभेत त्यांचा पक्ष अल्पमतात होता; घटनांनी तो खरा ठरविला. १९१३ साली आयोगाचे काम आटोपले आणि रोग पुढे जात राहिला. दरम्यान, झाड मरणारच असेल तर लाकडाचे पैसे तरी पदरात पडावेत, या विचाराने मालकांनी निरोगी वृक्षही तोडले. अशा वृक्षांची प्रतिकारक्षमता पारखून पाहण्याची संधी त्यांच्याबरोबरच गेली.

आयोगाला दोष देणे सोपे आहे. परंतु निर्णायक घटना त्याच्या स्थापनेच्या कितीतरी आधी घडून गेली होती. १८७६ साली न्यूयॉर्कजवळील फ्लशिंग येथील पार्सन्स यांच्या रोपवाटिकेत जपानी चेस्टनट आले आणि पुढे अन्य व्यापाऱ्यांनीही ते आणविले. त्या काळी परदेशी रोपांच्या तपासणीचा केंद्रीय कायदा नव्हता. १९१३ साली फ्रँक मेयर यांनी हेच कवक चीनमध्ये शोधले व १९१५ साली ते जपानमध्येही आढळले. तेथील चेस्टनट जातींना त्याचा उपद्रव बेताचाच होतो. आशियात दीर्घ सहवासाने सौम्य झालेला संबंध अमेरिकेतील अपरिचित आश्रयवृक्षावर संहारक ठरला. वनस्पती क्वारंटीन कायदा अमेरिकेत १९१२ साली संमत झाला, तेव्हा या रोगापुरता तो निरुपयोगी होता. १९५० च्या सुमारास साडेतीनशे ते चारशे कोटी वृक्ष नष्ट झाल्याचा अंदाज आहे.

या इतिहासाला युरोपात वेगळे वळण मिळाले. इटलीत जेनोव्हाजवळ १९३८ साली हा रोग आढळला. परंतु १९५० नंतर अंतोनिओ बिरागी यांना काही वृक्षांवरील व्रण आपोआप भरून येत असल्याचे दिसले. फ्रान्समध्ये झां ग्रांत यांनी अशा व्रणांतून कवकाचे सौम्य प्रकार मिळविले, आणि पुढे त्या सौम्यतेचे कारण कवकालाच जडलेला विषाणू असल्याचे सिद्ध झाले. अमेरिकेत हा उपाय तितकासा यशस्वी झाला नाही. तेथे या कवकाचे परस्परांशी न जुळणारे गट अधिक असल्यामुळे विषाणू एकातून दुसऱ्यात सहज जात नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, वृक्षाचे आरोग्य हे आश्रयवृक्ष, कवक आणि त्यांच्या भेटीचा काळ यांवर अवलंबून असते. केवळ कवकाच्या उपस्थितीवरून त्याचा निर्णय करता येत नाही. दोन, ही भेट बहुधा प्रथम नगरात घडते. कारण परदेशी रोपे, बंदरे व रोपवाटिका तेथेच असतात. म्हणून अरण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने केवळ वनखात्याच्या दप्तरावर विसंबून राहू नये. रोपवाटिकांच्या जुन्या मूल्यपत्रिका आणि उद्यानांचे वार्षिक अहवाल ही त्या इतिहासाची तितकीच महत्त्वाची साधने होत. १९०४ सालच्या त्या उद्यानातील नोंद अरण्याविषयीची पहिली सूचना होती. ती तशी वाचली गेली, तोवर बराच उशीर झाला होता.