पाणबुडी, एकविसाव्या प्रकारची

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन नौदलाने बांधलेल्या डीझेल-विद्युत् पाणबुड्यांचा एक वर्ग. सतत पाण्याखाली राहून लढण्याच्या दृष्टीने आखलेली व मोठ्या संख्येने बांधली गेलेली ही पहिली पाणबुडी होय. तत्पूर्वीच्या पाणबुड्या खऱ्या अर्थाने बुडी मारू शकणाऱ्या टॉर्पेडो-नौकाच होत्या. जर्मनीच्या सातव्या प्रकारच्या पाणबुडीचा पृष्ठभागावरील कमाल वेग सु. १७ नॉट असला, तरी पाण्याखाली तो जेमतेम साडेसात नॉट असे आणि ताशी ४ सागरी मैल वेगाने सु. ८० सागरी मैल जाताच विद्युत् घटमाला रिकामी होई. त्यामुळे तिला वारंवार वर यावे लागे. विमाने व रडार यांच्यामुळे हे वर येणेच प्राणघातक ठरले. १९४३ च्या एकट्या मे महिन्यात सु. ४० पाणबुड्या बुडाल्या व नौदलप्रमुख कार्ल डनिट्स यांना उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागे घ्याव्या लागल्या.

हेल्मूट व्हाल्टर हे अभियंते हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या टरबाइनाच्या पाणबुडीवर प्रयोग करीत होते. परंतु ते इंधन महाग व धोकादायक होते आणि यंत्रणा युद्धोपयोगी होण्यास अवधी लागणार होता. तेव्हा इंधनसाठ्यासाठी योजलेल्या कवचाच्या खालच्या मोठ्या पोकळीत घटमाला भरावी, अशी साधी सूचना पुढे आली व तीतून हा आराखडा जन्मास आला. कवचाचा छेद इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होता. वरच्या भागात खलाशी व यंत्रे आणि खालच्या भागात मुख्यतः घट, अशी विभागणी होती. घटांची संख्या ३७२ म्हणजे सातव्या प्रकारच्या तिप्पट होती.

पाणबुडीची लांबी ७६·७ मी. असून पृष्ठभागावर विस्थापन १,६२१ टन व पाण्याखाली १,८१९ टन होते. डेकवरील तोफ काढून टाकून मनोरा व बाह्यांग प्रवाहरेखित केले होते. दोन विद्युत् चलित्रांच्या बळावर पाण्याखाली सु. १७ नॉट वेग गाठता येई. पृष्ठभागावर मात्र तो साडेपंधराच्या आसपास होता. जुन्या पाणबुड्यांचे प्रमाण येथे उलटे झालेले दिसते. हा कमाल वेग तास-दीड तासच टिके. तथापि ५ नॉट वेगाने सु. ३४० सागरी मैल पाण्याखालून जाता येई. शत्रूच्या श्रवणयंत्रांना चकविण्यासाठी पट्ट्यांनी आस फिरविणारी दोन लहान निःशब्द चलित्रे वेगळी होती. श्वसननलिका (श्नॉर्केल) वर काढून डीझेल एंजिने पाण्याखालीच चालविता येत व घट प्रभारित करता येत. नाळेकडील सहा नळ्यांसाठी २३ टॉर्पेडो असत व त्या जलशक्तीवर चालणाऱ्या यंत्रणेने झपाट्याने पुन्हा भरता येत. सु. ५७ खलाशांसाठी अन्न गोठवून ठेवण्याची सोयही होती. पूर्वीच्या कोंदट पाणबुड्यांच्या मानाने ही चैनच म्हटली पाहिजे.

आराखडा जितका दूरदर्शी, तितकी बांधणी उतावीळ झाली. अग्निशामक वाहनांच्या उद्योगातून आलेल्या ओटो मेर्कर यांनी पाणबुडी आठ खंडांत विभागली. पोलादी कारखान्यांत तयार झालेले खंड जलमार्गाने नेऊन हँबर्ग, ब्रेमेन व डान्झिग येथील गोद्यांत जोडले जात. प्राथमिक नमुना बांधून त्याची चाचणी घेण्याचा टप्पाच गाळला होता. जहाजबांधणीचा अनुभव नसलेल्या कारखान्यांच्या खंडांची मापे जुळेनात व पुष्कळ काम गोदीत पुन्हा करावे लागे. पहिली पाणबुडी (यू-३५०१) हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १९ एप्रिल १९४४ रोजी, पाण्यात सोडण्यात आली. तिच्यातील छिद्रे लाकडी ठोकळ्यांनी बुजविली होती. कालव्यांवर व गोद्यांवर हवाई हल्ले सुरूच होते. जोडणीसाठी ब्रेमेनजवळ फार्ग येथे उभारलेल्या व्हॅलेंटिन या काँक्रीटच्या प्रचंड आश्रयगृहाच्या बांधकामावर छळछावण्यांतील कैदी व युद्धकैदी यांना राबविण्यात आले व त्यांपैकी दीड हजारांहून अधिक मरण पावले. १९४५ च्या मार्चमध्ये त्यावर बाँब पडले. तेथे एकही पाणबुडी पुरी झाली नाही. या पाणबुडीची किंमत केवळ पोलादात मोजता येत नाही.

एकूण ११८ पाणबुड्या नौदलात दाखल झाल्या. पण युद्धमोहिमेवर यू-२५११ व यू-३००८ या दोनच निघाल्या आणि एकही जहाज बुडाले नाही. यू-२५११ चे कप्तान आडालबेर्ट श्ने यांनी युद्धबंदीचा आदेश मिळाल्यानंतर ब्रिटिश क्रूझरवर लुटुपुटुचा हल्ला करून आपण न कळत निसटल्याचे सांगितले. त्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ही पाणबुडी वेळेवर मिळती, तर युद्ध पालटले असते, हे मत मात्र टिकणारे नाही. अतिभरक निकामी ठरल्याने डीझेल एंजिनांची शक्ती घटली होती, जलशक्तियंत्रणेचे काही भाग दाबसह कवचाबाहेर उघडे होते आणि प्रशिक्षित खलाशीही उरले नव्हते. युद्धानंतर अमेरिकन नौदलाने केलेल्या तपासणीतही हे दोष आढळले.

तरीही तिचा वारसा दूरवर पोहोचला. अमेरिकेने आपल्या जुन्या पाणबुड्या या धर्तीवर सुधारून घेतल्या. १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी यू-२५१३ मधून बुडी मारली. रशियाच्या युद्धोत्तर पाणबुड्यांवरही तिची छाप दिसते. त्याच परंपरेतील फॉक्सट्रॉट वर्गाची ‘कलवरी’ ही भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली. बुडवून टाकलेली यू-२५४० ही पाणबुडी १९५७ मध्ये वर काढण्यात आली. ‘व्हिल्हेल्म बाउअर’ या नावाने ती संशोधनासाठी वापरण्यात आली व १९८४ पासून ब्रेमरहाफेन येथे संग्रहालय म्हणून जतन केली आहे.