जिजाबाई राणीसाहेब आणि मालवणचा किनारा

सिंधुदुर्गाच्या तटाखाली वाळूचा एक चिंचोळा पट्टा आहे. मालवणीत किनाऱ्याला ‘वेळ’ म्हणतात, म्हणून तो पट्टा ‘राणीची वेळ’. ती राणी म्हणजे ताराबाई, असे परंपरा सांगते. पण हा किल्ला हातचा गेल्यावर ज्या राणीने तो परत मिळवला ती दुसरी: करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, संभाजी महाराजांची विधवा जिजाबाई. शिवछत्रपतींच्या मातोश्रींचेच नाव असल्याने ही जिजाबाई त्या नावाच्या सावलीत राहिली. १७६० ते १७७३ एवढा काळ तिने राज्य सांभाळले. ते कोणत्या साधनांनी सांभाळले, हा इथला प्रश्न आहे. तिचे शौर्य आणि करारीपणा यांच्या कथा पुष्कळ आहेत. कारभाराचे विवेचन मात्र फार थोडे झाले आहे.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. १७ नोव्हेंबर १५५८ रोजी इंग्लंडच्या गादीवर एलिझाबेथ आली, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि राज्य तिच्या स्वतःच्या वारसाहक्काचे होते. हुकूम तिच्या नावाने निघत. तिला लग्नाचा आणि वारसाचा आग्रह झाला, पण तो पुढच्या पिढीच्या काळजीपोटी. मराठी राज्यातल्या राणीची गोष्ट नेमकी उलट आहे. इथे वारस हीच राज्य करण्याची पहिली अट होती. ताराबाईंनी १७०० नंतर औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली ती चार वर्षांच्या शिवाजीच्या नावाने. पुढे त्यांनी उभारलेली करवीरची गादी १७१४ मध्ये सवत राजसबाईच्या पक्षाने घेतली, तीही मुलाला, म्हणजे या संभाजीला, पुढे करूनच. गादीवर मूल आणि गादीमागे राणी, अशीच रचना असे. मूल हातचे गेले की राणीचे राज्यही गेले.

जिजाबाईपाशी तर मूलच नव्हते. डिसेंबर १७६० मध्ये संभाजी महाराज निपुत्रिक वारले आणि करवीरचे राज्य साताऱ्याला जोडून टाकावे, अशी नानासाहेब पेशव्यांची हालचाल सुरू झाली. त्यावर जिजाबाईंनी जाहीर केले, की सवत कुसाबाई गरोदर आहेत. या बातमीवर इतिहासकारांनी संशय घेतला आहे. मला ती राज्यशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. गर्भ आहे म्हटल्यावर गादी रिकामी आहे, असे कुणाला म्हणता येत नाही. राणीने वेळ मिळवला, आणि त्या वेळातच पानिपत झाले. जून १७६१ मध्ये नानासाहेब गेले, पुण्याचे धोरण पालटले आणि १७६२ मध्ये माधवराव पेशव्यांच्या संमतीने खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले गेले. धर्माच्या दृष्टीने दत्तक हा घरचा विधी. पण गादीचा दत्तक पुण्याने मानला तरच टिके. म्हणून ही संमती हेच जिजाबाईच्या कारभाराचे खरे अधिष्ठान आहे. लढाई न करता तिने राज्याचे वेगळेपण राखले.

घाटावर हे जमले. किनाऱ्यावरचा कारभार मात्र निराळ्या जातीचा होता. १७३१ च्या वारणेच्या तहाने साळशीपासून अंकोल्यापर्यंतचे कोकण करवीरकडे आले होते. पण कागदावरचे हे कोकण सलग हाती कधीच नव्हते. शेजारी वाडीकर सावंत, खाली गोव्यात फिरंगी, वर १७५६ पासून विजयदुर्गात पेशवे. या सगळ्यांच्या मधे करवीरची खरी सत्ता म्हणजे कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींमुळे समुद्रात राहूनही तिथली शिबंदी तगे. पैसा येई तो समोरच्या मालवण बंदराच्या जकातीतून आणि आरमाराच्या कमाईतून. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या गलबताने आपले दस्तक घ्यावे, नाहीतर ते धरावे, हा इथला रिवाज होता. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी ठरवले आणि ‘मालवणी’ हे नावच त्यांच्या कागदांत चाच्याला लावले. पण एलिझाबेथने फ्रान्सिस ड्रेकच्या स्पॅनिश लुटीत वाटा घेतला आणि १५८१ मध्ये त्याच्याच जहाजावर त्याला सरदारकी दिली, हे विसरून चालणार नाही. समुद्रावरचा हक्क कोणी मानायचा, एवढाच वाद होता. तो अखेर तोफांनी सुटला.

१७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी मुंबईहून येऊन सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले. शिवछत्रपतींच्या हाताचा नि पायाचा ठसा चुन्यात जपणाऱ्या तटावर परके निशाण लागले. राणी पन्हाळ्याला. समुद्रात उलटून मारा करण्याचे बळ तिच्यापाशी नव्हते. पण इंग्रजांचा हिशेबही जमेना: मुलूख, गावे, महसूल राणीकडे, आणि नुसता किल्ला बाळगायचा तर खर्चच खर्च. याच जागी वाटाघाटीला वाव होता. जानेवारी १७६६ मध्ये तह झाला. राणीने पावणेचार लाखांहून जास्त रुपये द्यायचे, व्यापाराला उपद्रव न करण्याची हमी द्यायची, आणि किल्ला परत घ्यायचा.

या तहाला मी पराभव म्हणणार नाही. किंमत मात्र जबर होती. करवीरसारख्या राज्याला एवढी रक्कम उभी करणे जड होते, आणि ज्या आरमाराच्या कमाईवर किल्ला पोसायचा त्याच कमाईवर तहाने बंधन घातले. किल्ला मिळाला, पण तो चालवण्याचे साधन बांधले गेले. पन्नासेक वर्षांपूर्वी, तिच्याच नवऱ्याच्या कारकिर्दीत, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले होते, की टोपीकरांना, म्हणजे युरोपीयांना, समुद्रकाठी, खाडीच्या तोंडी जागा देऊ नये. तो धडा करवीरच्या दरबाराला ठाऊक नव्हता असे नाही. हातात तोफा नसताना तो पाळता येत नाही, हे १७६५ ने दाखवले.

१७७३ मध्ये जिजाबाई वारल्या. दत्तक शिवाजी महाराजांच्या काळात, १७९२ मध्ये, इंग्रजांना मालवण आणि कोल्हापुरात वखारींची परवानगी मिळाली. १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांच्या कंपनीकडे गेले. राणीने परत मिळवलेला किल्ला करवीरकडे आणखी सेहेचाळीस वर्षे राहिला होता.