गोरेगावचे थेंब, मुलुंडची गोळी

मार्च १९६३ मध्ये पंडित नेहरू मुंबईत गोरेगावला आले, ते सिबा या स्विस कंपनीच्या संशोधन केंद्राचं उद्घाटन करायला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी तिथले संचालक झाले. देशात नवं औषधद्रव्य शोधलं जाणं तेव्हा अगदी दुर्मीळ. या केंद्राने शोधलेल्या मोजक्या औषधांत टिनाझोलिन होतं, चोंदलेलं नाक मोकळं करणारं. तिकडे मुलुंडला हेक्स्ट या औषध कंपनीचा पसारा होता. सर्दी-खाज-शिंका यांवर घराघरांत ठेवली जाणारी ‘अ‍ॅव्हिल’ ही मूळची हेक्स्टचीच. सिबाचे ‘ओट्रिव्हिन’ हे नाकात घालायचे थेंबही असेच घरोघरी पोचले.

उपनगरांच्या या औषधी इतिहासाचा अभिमान वाटावा, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाकातले थेंब आतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून श्वास लगेच मोकळा होतो. थेंब बरेच दिवस चालू राहिले की त्यांचा असर ओसरताच नाक पुन्हा चोंदतं, आधीपेक्षा जास्त. मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. ‘अ‍ॅव्हिल’सारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन स्कूटर चालवणं धोक्याचं.

आपल्या औषध कायद्यात चिठ्ठीविना विकायच्या औषधांचा स्वतंत्र वर्ग नाही. १९४० चा कायदा आणि १९४५ चे नियम औषधांना परिशिष्टांत वाटतात. अ‍ॅलर्जीच्या औषधांचा उल्लेख त्यातल्या ‘जी’ परिशिष्टात आहे. अशा औषधाच्या वेष्टनावर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घेण्याचा इशारा छापावा लागतो. प्रत्यक्षात मेडिकलच्या काउंटरवर ‘सर्दीची गोळी द्या’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

या गोळ्यांच्या आत काय आहे, हा प्रश्न सरकारलाही उशिरा पडला. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलप्रोपॅनोलामाइन हे नाक मोकळं करणारं द्रव्य घेणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हे अमेरिकेत २००० मध्येच मान्य झालं होतं. भारतात बंदी आली फेब्रुवारी २०११ मध्ये. दहा वर्षांहून अधिक उशीर! ‘विक्स अ‍ॅक्शन ५००’ सारख्या परिचित गोळीतही तोवर हेच द्रव्य असायचं.

त्याच्या जागी फेनिलेफ्रिन आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं, की नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन हे अ‍ॅलर्जीचं औषध आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं वेष्टनावर छापायला लावलं. मधल्या काळात मार्च २०१६ मध्ये, एकाच गोळीत अनेक औषधं घातलेल्या अशा ३४४ मिश्रणांवर बंदी आली, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने लागू झाली.

मिश्रणाचा खरा धोका घरातच असतो. सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल असतंच. ताप आला म्हणून वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली की मात्रा दुप्पट होते. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारण चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. त्यापलीकडे यकृताला इजा होऊ शकते. यकृताचा त्रास असणाऱ्यांसाठी आणि नियमित दारू पिणाऱ्यांसाठी ही मर्यादा आणखी खाली येते. रक्तदाबाच्या रुग्णाने नाक मोकळं करणारी गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरांत घटकांची नावं असतात; म्हाताऱ्या डोळ्यांना ती दिसली नाहीत, तर फार्मासिस्टकडून वाचून घ्यावीत.